डोळ्यांवरचा तवंग मोजताना

डोळ्यांतून सारखे पाणी येते म्हणून रुग्ण दवाखान्यात जातो आणि डॉक्टर सांगतात, तुमचे डोळे कोरडे पडले आहेत. ऐकणाऱ्याला ही थट्टा वाटते. पाणी गळते आहे आणि डोळा कोरडा कसा? पण नेत्रतज्ज्ञांच्या रोजच्या कामातला हा नेहमीचा प्रसंग आहे आणि त्याचे उत्तर पाण्यात नाही, तेलात आहे. डोळ्याच्या पृष्ठभागावर पसरलेल्या अश्रूंच्या पातळ थरावर तेलाचा एक तवंग असतो. तो विरळ झाला किंवा फाटला की खालचे पाणी झपाट्याने उडून जाते, कॉर्निया म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा उघडा पडतो, तिथल्या नसा चेतवल्या जातात आणि अश्रुग्रंथी घाईघाईने नुसते पाणी सोडते. तेल नसलेले हे पाणी टिकत नाही. काही गालावर ओघळते, उरलेले उडून जाते आणि डोळा पुन्हा चुरचुरतो.

हा तवंग आता यंत्राने मोजता येतो. काही सेकंद कॅमेऱ्यासमोर डोळा ठेवला की जाडी नॅनोमीटरमध्ये छापून मिळते. कोरड्या डोळ्यांसाठी वेगळे विभाग सुरू करणाऱ्या मोठ्या शहरांतल्या नेत्ररुग्णालयांत ही तपासणी रुळते आहे. मात्र आकडा हातात पडला की तो अंतिम निकाल मानण्याची सवय रक्तातील साखरेच्या अहवालांनी लावलेली आहे. तवंगाचा आकडा तसा नाही. तो कुठे उपयोगी पडतो आणि कुठे दिशाभूल करतो हे समजून घेणे रुग्णाच्या खिशासाठी गरजेचे आहेच, डोळ्यांसाठीही आहे.

आधी तवंगाविषयी. अश्रूंचा सगळा थर मिळून साधारण तीन मायक्रोमीटर, म्हणजे तीन हजार नॅनोमीटर जाड असतो. त्यातला तेलाचा वाटा पंधरा-वीस नॅनोमीटरपासून शंभर-दीडशे नॅनोमीटरपर्यंत माणसागणिक बदलतो. डोक्याचा केस साधारण सत्तर हजार नॅनोमीटर जाड धरला तर तवंग त्याच्या हजाराव्या हिश्श्याच्या आसपास बसतो. हे तेल पापण्यांच्या कडेला ओळीने बसलेल्या मायबोमियन ग्रंथींतून येते. जर्मन वैद्य हाइनरिख मायबोम यांनी १६६६ मध्ये त्यांचे सविस्तर वर्णन केले, म्हणून हे नाव. वरच्या पापणीत तीसेक, खालच्या पापणीत त्याहून थोड्या कमी. प्रत्येक वेळी पापणी मिटते तेव्हा या ग्रंथींवर किंचित दाब येतो, तेल बाहेर पडते आणि पापणी वर जाताना ते डोळ्यावर पसरले जाते. पापण्यांची उघडझाप म्हणजे एकाच वेळी पंप आणि सारवण.

ग्रंथी आजारी पडली की तेल घट्ट होते. थंडीत खोबरेलाची बाटली गोठते तसेच काहीसे. निरोगी तेल पापणीच्या उबेला पातळ असते. आजारी ग्रंथीतले तेल वितळायला काही अंश जास्त उष्णता लागते आणि तोंडाशी ते टूथपेस्टसारखे अडकून बसते. अडकलेली ग्रंथी हळूहळू आक्रसते. पूर्ण नष्ट झालेली ग्रंथी पुन्हा उगवत नाही, असेच सध्या मानले जाते. कोरड्या डोळ्यांच्या रुग्णांत हा प्रकार किती मोठा आहे याचा अंदाज २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका बहुचर्चित अभ्यासातून येतो. त्यात ज्या १५९ रुग्णांचा प्रकार ठरवता आला त्यांपैकी ७९ जणांत फक्त तेलाचा दोष होता, ५७ जणांत तेल आणि पाणी दोन्हींचा, आणि फक्त पाणी कमी असलेले अवघे २३ निघाले. सरसकट ‘डोळ्यांत पाणी कमी’ असे समजून थेंब घालत राहणाऱ्या बहुतेकांचा रोख मुळातच चुकलेला असतो तो यामुळे.

पनवेलसारख्या गावात हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने समोर येतो. खाडीकाठची दमट हवा, जूनपासून चार महिने पाऊस. इथे डोळे कोरडे पडायचे कारण काय, असे कुणालाही वाटेल. पण पनवेलकराचा दिवस आता बाहेरच्या हवेत जातोच किती? हार्बर मार्गाने सीएसएमटीपर्यंत जाणारा नोकरदार सव्वा-दीड तास मोबाइलकडे बघतो, नंतरचे आठ-नऊ तास वातानुकूलित कार्यालयात संगणकासमोर आणि परतीला पुन्हा मोबाइल. कळंबोलीहून द्रुतगती महामार्गावर गाडी घालणारा चालक रात्रभर समोरच्या दिव्यांवर नजर रोखून बसतो, काचेवरचा वारा तोंडावर. तळोजा औद्योगिक वसाहतीत धूर आणि धूळ. हवेतला दमटपणा दाराबाहेरच राहतो.

त्यातही मोठा फरक पडतो तो पापण्यांच्या उघडझापीने. जपानमधील संशोधकांनी १९९३ मध्ये मोजणी करून दाखवले होते, की निवांत असताना माणूस मिनिटाला सरासरी २२ वेळा पापण्या मिटतो, पुस्तक वाचताना १० वेळा आणि संगणकाच्या पडद्यासमोर अवघ्या ७ वेळा. तो काळ स्मार्टफोनच्या आधीचा. शिवाय पडद्यासमोरची उघडझाप बऱ्याचदा अर्धीच होते. वरची पापणी खालीपर्यंत टेकत नाही. पंप अर्धाच चालला तर तेल येणार कुठून?

आता मोजणीकडे. पावसाळ्यात पनवेलच्या बसस्थानकाबाहेर डबक्यावर गाडीचे डिझेल सांडलेले असते तेव्हा त्यावर इंद्रधनुषी रंग दिसतात. साबणाच्या फुग्यावरही तेच. प्रकाशाचा काही भाग तवंगाच्या वरच्या पृष्ठभागावरून परततो, काही भाग तेल ओलांडून पाण्याच्या सीमेवरून. दोन्ही लहरी परत एकत्र येतात तेव्हा तवंगाच्या जाडीप्रमाणे काही रंग एकमेकांना खोडतात, काही बळावतात. म्हणजे रंगावरून जाडी ओळखता येते. कोरड्या डोळ्यांच्या तपासणीतली तवंगमापनाची सगळी यंत्रे याच तत्त्वावर चालतात.

हे रंग डोळ्यावर पाहण्याचे प्रयत्न १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून झाले. पुढे ज्यां-पियेर गियों यांचे ‘टियरस्कोप’ आले. डोळ्यासमोर पांढऱ्या प्रकाशाची छोटी घुमटी धरायची आणि सूक्ष्मदर्शकातून तवंगाचा नमुना पाहायचा. विरळ जाळी दिसली तर तवंग अगदी पातळ, दाट जाळी दिसली तर थोडा बरा, मग लाटा, मग एकसंध पांढुरकी साय आणि सर्वांत जाड असेल तर रंगीत पट्टे. जपानमध्ये १९९० च्या दशकात आलेल्या दुसऱ्या एका यंत्राने अशाच नमुन्यांच्या पाच पायऱ्या ठरवल्या. या पद्धतींचा दोष उघड होता: तपासणारा बदलला की पायरी बदलू शकते. मात्र एक गुणही होता, जो नंतर थोडा विसरला गेला. तपासणाऱ्याला तवंग हलताना दिसत असे. पापणी उघडल्यावर तो किती चटकन पसरतो, कुठे फाटतो, कुठे गुठळी धरतो, हे सगळे त्याच्या नजरेखाली घडे.

नंतर आलेल्या ‘लिपिव्ह्यू’ या अमेरिकी यंत्राने नमुन्याऐवजी आकडा दिला. अमेरिकेच्या औषध प्रशासनाची मंजुरी त्याला २००९ मध्ये मिळाली. डोळ्याच्या खालच्या भागावरच्या तवंगाचे छोटे चित्रीकरण होते, संगणक प्रत्येक चौकटीतला रंग वाचतो आणि सरासरी, सर्वांत कमी व सर्वांत जास्त जाडी सांगतो. किती वेळा पापणी पूर्ण मिटली आणि किती वेळा अर्धवट, हेही मोजतो. अशा धर्तीची आणखी यंत्रेही बाजारात आहेत. काही यंत्रे सोबत इन्फ्रारेड प्रकाशात पापण्या उलटून ग्रंथींचे छायाचित्र घेतात. त्यात निरोगी ग्रंथी पांढऱ्या समांतर रेघांसारख्या दिसतात आणि नष्ट झालेल्या जागी काळोख. रुग्णाला समजावायला या छायाचित्राइतके प्रभावी साधन दुसरे नाही.

आकड्याची खरी परीक्षा जर्मनीतील ड्युसेलडॉर्फच्या संशोधकांनी २०१३ मध्ये घेतली. तवंग ७५ नॅनोमीटर किंवा त्याहून कमी असेल तर ग्रंथींचा आजार आहे असे धरले, तर अंदाज किती वेळा बरोबर येतो हे त्यांनी पाहिले. आजारी लोकांपैकी ६५.८ टक्के पकडले गेले आणि निरोगी लोकांपैकी ६३.४ टक्के निरोगी ठरले. कागदावर हे आकडे वाईट दिसत नाहीत. पण त्यांचा अर्थ दवाखान्याच्या बाकावर काय होतो? समजा चुरचुर घेऊन आलेल्या ३०० जणांपैकी १०० जणांना खरोखर ग्रंथींचा आजार आहे आणि २०० जणांना नाही. यंत्र त्या १०० पैकी ६६ जणांना ओळखेल आणि ३४ जणांना ‘ठीक आहे’ म्हणून घरी पाठवेल. उरलेल्या २०० पैकी ७३ जणांना मात्र आजार नसताना आजारी ठरवेल. एकूण १३९ जणांच्या अहवालात तवंग कमी निघेल आणि त्यातले निम्म्याहून कमी खरे रुग्ण असतील. नाणे उडवून निर्णय घेण्यापेक्षा हे बरे, पण फार बरे नाही.

असे होण्याची कारणे तवंगाच्या स्वभावातच आहेत. तो स्थिर नसतो. डोनाल्ड कॉर्ब आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये दाखवले, की काही वेळा जोर देऊन पापण्या मिटल्या की तवंग लगेच जाड होतो. १९९६ मध्ये त्यांनीच डोळ्यांभोवतीची हवा दमट करून पाहिली, तेव्हाही तवंग जाड झाला. पनवेलच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची आहे. जुलैच्या पावसात चालत आलेला रुग्ण आल्या आल्या तपासला आणि तोच रुग्ण एसीच्या खोलीत अर्धा तास बसवून तपासला, तर आकडे वेगळे येऊ शकतात. सकाळी घातलेला तेलकट थेंब, रात्री लावलेले मलम, पापणीच्या आतल्या कडेला रेखलेले काजळ; सगळे अश्रूंत उतरते. डोळे आले म्हणून चोळले तरी ग्रंथी दाबल्या जातातच.

दुसरे कारण अधिक खोल आहे. जाडी म्हणजे दर्जा नव्हे. ओहायो स्टेट विद्यापीठातील युइन किंग-स्मिथ यांनी तवंगाची जाडी आणि खालचे पाणी कमी होण्याचा वेग एकाच वेळी मोजला, तेव्हा दोहोंतला संबंध अपेक्षेपेक्षा कच्चा निघाला. पातळ पण अखंड तवंग पाणी चांगले धरून ठेवतो. जाड पण विस्कटलेला तवंग धरत नाही. चांगल्या मिसळीच्या कटावर तर्री सारखी पसरते, बिघडलेल्या कटावर तेल वेगळे होऊन ठिपक्यांत जमते. तेल दोन्हीकडे तेवढेच. शिवाय पाणीच कमी असलेल्या डोळ्यात तेवढेच तेल लहान जागेत गोळा होऊन आकडा फसवा मोठा येऊ शकतो. अशा रुग्णाला ‘तुमचा तवंग उत्तम’ म्हणून सोडणे धोक्याचे, कारण त्यांच्यापैकी काहींना सांधेदुखी आणि तोंड कोरडे पडणारा शोग्रेन आजार असतो.

म्हणूनच कोरड्या डोळ्यांवरच्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने २०१७ च्या अहवालात तवंगमापनाला निदानाच्या दारावर बसवले नाही, आतल्या खोलीत बसवले. आधी ठरावीक प्रश्नावलीने त्रास किती ते पाहायचे. मग अश्रूंचा थर दहा सेकंदांच्या आत फाटतो का, अश्रूंची क्षारता वाढली आहे का, रंग टाकल्यावर कॉर्निया किंवा पांढऱ्या भागावर डाग उमटतात का, यांपैकी एक तरी खूण शोधायची. निदान पक्के झाल्यावर दोष तेलाचा की पाण्याचा हे ठरवताना तवंगाची जाडी आणि ग्रंथींचे छायाचित्र कामी येते. हा क्रम उलटा झाला की गोंधळ होतो.

क्रम आणि व्याख्या किती फरक पाडतात याचे भारतातच मोठे उदाहरण आहे. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेने २०१० ते २०१८ मधील सुमारे १४ लाख ५८ हजार नव्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा कोरड्या डोळ्यांचे निदान फक्त १.४६ टक्के रुग्णांत झालेले दिसले. दिल्लीच्या एम्समधील २०१८ च्या अभ्यासात १५,६२५ रुग्णांना प्रश्नावली दिली, तेव्हा ३२ टक्के निघाले. रुग्ण दोन्हीकडे नेत्ररुग्णालयात आलेलेच. एकीकडे डॉक्टरांनी तपासून लिहिलेले निदान, दुसरीकडे रुग्णाने स्वतः सांगितलेला त्रास. वीस पटींहून जास्त अंतर त्यातून तयार झाले. कुणी ‘भारतात दर तिसऱ्या माणसाचे डोळे कोरडे’ असे सांगितले तर मोजपट्टी कोणती वापरली, हे आधी विचारावे लागते.

यंत्राशिवाय काय कळते? बरेच काही. फ्लुओरेसिन या पिवळ्या रंगाची पट्टी डोळ्याला टेकवून निळ्या प्रकाशात पाहिले की थर किती सेकंदांत फाटतो ते दिसते. १९०३ मध्ये ओटो शिर्मर यांनी सुरू केलेली कागदी पट्टी पाच मिनिटे खालच्या पापणीत ठेवली की पाण्याचा अंदाज येतो. पापणीच्या कडेवर बोटाने किंवा कापूस गुंडाळलेल्या काडीने हलका दाब दिला की ग्रंथींतून काय बाहेर येते ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसते: स्वच्छ तेल, गढूळ द्रव, टूथपेस्टसारखी लांबट वळी किंवा काहीच नाही. शेवटची तपासणी तेलाचा दर्जा थेट दाखवते, जे जाडीचा आकडा दाखवत नाही. तिला वेळ लागतो आणि गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात वेळच नसतो, ही खरी अडचण.

तवंगमापनाचा खरा उपयोग एकाच रुग्णाच्या पाठपुराव्यात दिसतो. त्याच यंत्रावर, त्याच खोलीत, दिवसाच्या त्याच सुमारास तीन-तीन महिन्यांनी मोजले तर उपचाराचा परिणाम कळतो. अर्धवट उघडझापीची नोंद तर अनेकदा जाडीपेक्षा मोलाची ठरते, कारण ‘पापण्या पुऱ्या मिटा’ हा सल्ला रुग्णाला पटायला स्वतःच्या डोळ्याचे चित्रीकरण पुरते.

उपचारांकडे वळताना आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. लिपिव्ह्यू हे मोजणारे यंत्र आणि पापण्यांना सुमारे बारा मिनिटे ऊब व दाब देणारे ‘लिपिफ्लो’ हे उपचाराचे यंत्र, दोन्ही एकाच कंपनीने आणली. त्यात गैर काही नाही. पण आकडा कमी निघाला की पुढचा महागडा उपचार आपोआप सुचतो, हे समजून असावे. या उपचारावरील १३ चाचण्यांचा आढावा कोक्रेन या संस्थेने २०२४ मध्ये घेतला. इतर प्रचलित उपचारांच्या तुलनेत तो ठळकपणे सरस असल्याचे त्यात दिसले नाही आणि उपलब्ध पुराव्याचा भरवसाही कमी आढळला. माशाच्या तेलाच्या गोळ्यांचेही तसेच. अमेरिकेत ५३५ रुग्णांवर वर्षभर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ओमेगा-३ च्या गोळ्या ऑलिव्ह तेलाच्या गोळ्यांपेक्षा सरस ठरल्या नाहीत. उरते ते साधे: दिवसातून एक-दोनदा पाच-दहा मिनिटे सोसेल इतपत गरम, पुन्हा पुन्हा बदललेल्या ओल्या फडक्याचा शेक, त्यानंतर पापणीच्या कडेच्या दिशेने हलका मसाज, कडेची स्वच्छता आणि डॉक्टरांनी सांगितले तर तेलाचा अंश असलेले थेंब. हे महिनोन्‌महिने करावे लागते. बहुतेक जण पंधरवड्यात सोडतात.

पनवेलमध्ये या विषयाला आणखी एक बाजू आहे. डॉ. सुहास हळदीपूरकर यांनी उभारलेली लक्ष्मी आय इन्स्टिट्यूट आणि नवीन पनवेलमधील आर. झुनझुनवाला शंकरा नेत्ररुग्णालय यांच्यामुळे हे शहर नेत्रोपचाराचे मोठे केंद्र झाले आहे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत बसवायच्या भिंगाचा नंबर कॉर्नियाची वक्रता मोजून ठरतो आणि ही मोजणी अश्रूंच्या थरावरून परतणाऱ्या प्रकाशावर अवलंबून असते. थर फाटलेला असेल तर वक्रता चुकीची येते, भिंगाचा नंबर चुकू शकतो आणि शस्त्रक्रिया निर्दोष होऊनही रुग्णाला धूसर दिसते. अमेरिकेत मोतीबिंदूसाठी आलेल्या १३६ रुग्णांच्या अभ्यासात ६३ टक्के रुग्णांचा थर पाच सेकंदांच्या आत फाटत होता. त्यांतल्या बहुतेकांना कोरड्या डोळ्यांचे निदान आधी कधी झालेलेच नव्हते, कारण साठी-सत्तरीत कॉर्नियाची संवेदना मंदावते आणि चुरचुर जाणवत नाही. रोहा-माणगावहून आजोबांना शस्त्रक्रियेसाठी घेऊन येणाऱ्या कुटुंबाने ‘डोळे चुरचुरतात का’ या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर दिले तरी भिंगाचे माप घेण्याआधी थर तपासला जाणे आवश्यक असते. त्यासाठी पिवळी पट्टी आणि निळा प्रकाश पुरतो. दोष निघाला तर काही आठवडे पापण्यांवर उपचार करून माप पुन्हा घेतले जाते. शस्त्रक्रिया तेवढी पुढे जाते, एवढेच.

ज्यांना तवंगमापन सुचवले गेले आहे त्यांच्यासाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. तपासणीच्या दिवशी सकाळपासून डोळ्यांत थेंब, मलम, काजळ नको. कॉन्टॅक्ट लेन्स कधी काढायची ते आधी विचारावे. तपासणीपूर्वी डोळे चोळू नयेत, मुद्दाम जोराने पापण्या मिटू नयेत. यंत्र जी काही खूण, चाचणी किंवा छायाचित्र देते त्याची प्रत दोन्ही डोळ्यांची वेगळी मागून घ्यावी आणि सरासरीसोबत अर्धवट उघडझापीचा आकडाही पाहावा. पापणी दाबून ग्रंथींतले तेल कसे निघाले, हे त्याच कागदावर डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. पुढच्या वेळी दुसऱ्या दवाखान्यात गेल्यास वेगळ्या यंत्रावरचा आकडा जुन्याशी ताडून पाहू नये. यंत्रागणिक मोजण्याची रीत बदलते. जुना कागद सोबत ठेवला तर नव्या डॉक्टरांना त्यातली ओळ उपयोगी पडेल ती बहुधा तेलाच्या रंगाविषयीची.